समुद्रात पॅडलबोर्डिंगचं पहिलं सेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा बोर्डवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो: मी पडेन का? हो, पडाल. तो प्रश्न मिटला, आता बाकीचे घेऊ.

पॅडलबोर्डिंग म्हणजे नेमकं काय? सर्फिंगच ना?

चुलत भाऊ म्हणा. रुंद, जाड बोर्डवर उभं राहायचं आणि एका पात्याच्या लांब वल्ह्यानं पाणी मागे सारत पुढे जायचं. सर्फिंगला लाट लागते, इथे सपाट पाणीही पुरतं. पूर्ण नाव स्टँड-अप पॅडलबोर्डिंग, पण किनाऱ्यावर सगळे ‘सप’च म्हणतात. खेळाचं आजचं रूप हवाईतून आलं. 20व्या शतकाच्या मध्यावर वायकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारी मंडळी कधीमधी बोर्डवर उभी राहून वल्हं मारायची. उंचावरून शिकाऊ लोकांवर नजर ठेवता येई आणि त्यांचे फोटोही काढता येत. पुढे 1990च्या दशकात लेर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फरांनी माउई बेटावर ही पद्धत पुन्हा हाती घेतली आणि तिथून ती जगभर गेली. उगम शिकवणाऱ्यांच्या हातून झाला म्हणूनच की काय, शिकायला हा खेळ सोपा आहे.

पोहता येत नाही. तरी चालेल का?

शांत तळ्यात, कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून चालून जाईल. समुद्रात माझं उत्तर ‘आधी पोहायला शिका’ असंच आहे. फार नको. नाकातोंडात पाणी गेलं तरी घाबरगुंडी उडू नये, पाठीवर पडून तरंगता यावं आणि जॅकेट घालून 50 मीटर तरी सावकाश जाता यावं. लाइफ जॅकेट तुम्हाला बुडू देत नाही, पण डोकं ताळ्यावर ठेवायचं काम त्याचं नव्हे. पोहता येत नसेल तर नाव नोंदवतानाच सांगा. लाजेपोटी लपवलेली ही एक गोष्ट सगळ्यांच्याच अंगाशी येते.

लाइफ जॅकेट आहे, मग पायाला ती दोरी कशाला?

त्या दोरीला लीश म्हणतात, आणि दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर समुद्रात मी लीश निवडेन. निवडायची वेळ येऊ नये हे उघडच आहे, दोन्ही वापरा. तुमचा सगळ्यात मोठा तरंगता आधार बोर्ड आहे. तुम्ही पडलात की तो मोकळा होतो, आणि मोकळ्या बोर्डला वारा इतक्या वेगानं ढकलतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तो गाठता येत नाही. लीश एका पायाच्या घोट्याला किंवा पोटरीला बांधतात. लाटा फुटतात तिथे सरळ लीश हवी. गुंडाळीची, स्प्रिंगसारखी लीश ताणून झाली की बोर्ड गोफणीसारखा परत अंगावर आणते.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डनं 2008 साली सपला नौकांच्या यादीत बसवलं आणि सर्फिंग-पोहण्याच्या पट्ट्याबाहेर लाइफ जॅकेट बाळगणं तिथे बंधनकारक झालं. तुमच्या किनाऱ्यावर नियम काहीही असो, पहिल्या दिवशी जॅकेट अंगात हवं, बोर्डवर बांधून ठेवलेलं उपयोगाचं नाही.

माझं वजन जास्त आहे. बोर्ड पेलेल?

पेलेल, मात्र बोर्ड त्या मापाचा हवा. हिशेब सोपा आहे: एक लिटर आकारमान साधारण एक किलो उचलतं. नवख्यांचे बोर्ड बहुतेक साडेदहा ते साडेअकरा फूट लांब, 32 ते 34 इंच रुंद आणि दोनशे लिटरच्या पुढेमागे असतात. नुसतं तरंगणं आणि स्थिर तरंगणं यांत फरक आहे, म्हणून वजनाच्या दुप्पट लिटर धरावेत. ऐंशी किलोच्या माणसाला 160 लिटरचा बोर्ड हा तळाचा आकडा झाला. बोर्डची मागची बाजू पाण्याखाली जात असेल तर दोष तुमचा नाही, मोठा बोर्ड मागा. वजनाचं खरं खरं सांगा, तिथे कुणी तुम्हाला तराजूवर उभं करत नाही.

हवेचा बोर्ड भरवशाचा असतो का? पंक्चर झाला तर?

आतून हजारो धाग्यांनी वरचा आणि खालचा थर एकमेकांना जोडलेला असतो, त्यामुळे हवा भरली की तो फळीसारखा ताठ होतो. त्यात 12 ते 15 पीएसआय दाब भरतात, म्हणजे मोटारीच्या टायरच्या साधारण निम्मा. शिकायला तो उत्तमच, पडताना लागत नाही. कमी हवेचा बोर्ड मधोमध वाकतो आणि तोल सांभाळणं दुप्पट अवघड होतं. पाण्यात जाण्याआधी अंगठ्यानं दाबून बघा. दबला तर पंप मागा.

सकाळी इतक्या लवकर का बोलावतात?

वाऱ्यामुळे. या पानावरचं एकच उत्तर लक्षपूर्वक वाचायचं ठरवलं असेल तर हे वाचा.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते आठवा. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून वारा आत येतो. तो खारा वारा. रात्री उलट होतं, पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वाहतो. या दोहोंच्या अदलाबदलीच्या वेळी वारा पडतो आणि पाणी तेलासारखं होतं. नवख्यांसाठी तीच वेळ. दुपार चढली की खारा वारा जोर धरतो आणि पाण्यावर खळबळ सुरू होते.

उभा माणूस म्हणजे चालतंबोलतं शीड असतं. नवखा वल्हवतो ताशी तीनचार किलोमीटरनं. समोरून 10 नॉट, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर वारा आला की तो जागच्या जागी राहतो किंवा मागे जातो. लाटांच्या माथ्यावर इथेतिथे पांढरे तुरे दिसायला लागले की वारा साधारण तिथवर पोचलाय असं समजा. तुरे सगळीकडे दिसत असतील तर पहिलं सेशन पुढे ढकला.

त्याहून फसवा वारा म्हणजे पाठीमागून, जमिनीकडून समुद्रात जाणारा. तो असताना किनाऱ्याजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं, कारण लाट उठायला वाव नसतो. मनात येतं, काय सुंदर दिवस! वल्हंही हलकं वाटतं, आपण झपाझप आत जातो. हे ‘मला जमतंय’ प्रकरण बहुतेक वेळा वाऱ्याचं असतं, आपलं नसतं. मी स्वतः शिकत असताना असाच वीस मिनिटं मजेत आत गेलो आणि परत यायला सव्वा तास लागला, त्यातला शेवटचा टप्पा पोटावर झोपून. उभं राहायला मला त्याआधीच दहा मिनिटांत जमलं होतं. वारा कुठून येतोय हे न बघता निघू नये, हे शिकायला तो सव्वा तास खर्ची पडला.

म्हणून सेशनला पोचल्यावर स्वतः बघा: झेंडा, झाडाची पानं, मुठीतून सोडलेली वाळू कुठल्या दिशेला जाते. नियम असा की जाताना वाऱ्याला तोंड द्यायचं, म्हणजे दमल्यावर परतीला तो पाठीशी राहतो.

भरती-ओहोटी बघायची का?

बघायची. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, त्यामुळे रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. उधाणाला पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि तेवढ्याच वेळात ते जायचं-यायचं असल्यानं ओढही जास्त. पाण्याची सर्वांत जोरकस ओढ भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या दोन तासांत असते. खाडीच्या तोंडाशी तर ती ओढ वाऱ्यालाही जुमानत नाही. नवख्यानं भांगाच्या दिवसांतली वेळ धरावी, आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली असताना उतरू नये.

कपडे काय घालायचे? चष्म्याचं काय?

अंगाला घट्ट बसणारे, ओले झाल्यावर लोंबकळणार नाहीत असे. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट सगळ्यात बरा. सुती कपडा पाणी धरून जड होतो, जीन्स तर विसराच. पाणी 20 अंशांच्या खाली असेल तर वेटसूट हवा. 15 अंशांखालच्या पाण्यात अचानक पडलं की श्वास अडकून धापा लागतात; तशा पाण्यात पहिला प्रयोग नकोच.

उन्हापासून जपा. ते वरून येतं तसं पाण्यावरून उसळूनही येतं, म्हणून हनुवटीखाली आणि कानामागेही सनस्क्रीन लावा. तळपायाला मात्र नको आणि लावलेले हात बोर्डवर पुसू नका, घसरगुंडी होते. चष्म्याला मागून दोरी बांधा. बोटातली अंगठी घरी ठेवा: थंड पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी गेली कळतही नाही. फोन न्यायचाच असेल तर जलरोधक पाऊचमध्ये आणि अंगाला बांधून. संकटात तो बोर्डवर राहिला तर काय कामाचा?

सेशनमध्ये काय काय होतं?

दीड ते दोन तासांतली पहिली पंधरा-वीस मिनिटं वाळूतच जातात. लोकांना ती फुकट वाटतात, पण तिथे जे समजतं ते पाण्यात ओरडून सांगता येत नाही. वल्ह्याची लांबी तुमच्या उंचीपेक्षा 20 ते 25 सेंटीमीटर जास्त ठेवतात. उजवीकडे वल्हवताना डावा हात वरच्या मुठीवर, डावीकडे उजवा. नवखे लोक हटकून दोन्ही हात दांड्यावर धरतात, झाडू मारल्यासारखे.

आणि पातं! ते दांड्याशी थोडा कोन करून बसवलेलं असतं, आणि तो कोन बोर्डच्या पुढच्या टोकाकडे झुकलेला हवा. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा उलटं धरतो, कारण चमच्यासारखं पाणी ओढायचंय असं मनानं घेतलेलं असतं. उलट्या पात्यानं पाणी वर उचललं जातं, बोर्ड पुढे जात नाही आणि खांदे भरून येतात.

उभं कसं राहायचं? मला तोल अजिबात सांभाळता येत नाही.

‘मला तोल नाही’ म्हणणारे निम्मे लोक पहिल्या दहा मिनिटांत उभे असतात. घोडं अडतं ते भीतीपाशी.

पाणी मांडीपर्यंत येईल इतकं आत जा. त्याहून उथळ पाण्यात बोर्डखालचा फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, वाळूत रुतला की बोर्ड झटक्यानं थांबतो आणि तुम्ही पुढे जाता. गुडघ्यांवर बसा, मधल्या हँडलच्या दोन्ही बाजूंना एकेक गुडघा. तसंच पाचसात मिनिटं वल्हवा, घाई नको. पुढचं टोक वर उचललं जात असेल तर थोडे पुढे सरका. टोक पाण्यात घुसत असेल तर मागे. मग वल्हं समोर आडवं ठेवून हात बोर्डवर टेका, गुडघ्याच्या जागी एक पाऊल आणा, नंतर दुसरं, आणि छाती वर घेत उठा. पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं पुढे, गुडघे मोकळे.

उठल्याबरोबर वल्हं मारा. सायकल थांबली की पडते, तसंच हे आहे. पाण्यात बुडलेलं पातं तिसऱ्या पायासारखं आधार देतं. हवेत धरलेलं वल्हं म्हणजे हातातलं ओझं. नजर क्षितिजावर ठेवा. पायांकडे बघणारा माणूस पडतोच, कारण डोकं खाली गेलं की कंबर मागे जाते.

पाय थरथरतात? सगळ्यांचे थरथरतात. तळव्यांना मुंग्या येत असतील तर तुम्ही बोटांनी बोर्ड धरून ठेवायचा प्रयत्न करताय. मधूनमधून बोटं उचलून हलवा. लाटा आडव्या येऊ देऊ नका, बोर्डचं टोक त्यांच्याकडे वळवा. मोठी बोट जवळून गेली तर सरळ गुडघ्यांवर बसा. यात कमीपणा कसला?

पडलो तर कसं पडायचं आणि परत कसं चढायचं?

बोर्डपासून लांब पडा. तोल गेला की लोक बोर्डलाच धरायला जातात आणि नडगी, बरगडी किंवा दात आपटून घेतात. गेला तोल, गेला; पाण्याकडे झुका आणि सपाट पडा, पाठीवर किंवा कुशीवर. सूर कधीही मारायचा नाही, खाली वाळू कितीवर आहे ते वरून कळत नाही. वर येताना एक हात डोक्यावर धरा, बोर्ड तिथेच असू शकतो.

मग आधी बोर्ड, नंतर वल्हं. वल्हं तरंगतं, पोटावर झोपून हातांनी वल्हवत त्याच्यापर्यंत जाता येतं. चढायचं ते मधल्या हँडलपाशी, बाजूनं. एका हातानं हँडल धरा, पाय मागे पाण्याच्या वर येईपर्यंत मारा, आणि मग छाती बोर्डवर सरकवा. पाय खाली लोंबकळत ठेवून नुसत्या हातांनी अंग उचलायला गेलात की बोर्ड अंगावर उलटतो. दंडात कितीही ताकद असो. बोर्ड पालथा झालाच तर पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढा.

वाळूवर नव्हे, खोल पाण्यात हे तीन वेळा करून बघितल्याशिवाय प्रशिक्षकानं तुम्हाला पुढे नेऊ नये. नेत असेल तर तुम्हीच थांबा आणि मागा. दमलेल्या माणसाला चढता येत नाही, ताज्या माणसाला येतं. म्हणून सराव सुरुवातीलाच.

बोर्ड सारखा एका बाजूला वळतो. सरळ कसा न्यायचा?

उजवीकडे वल्हं मारलं की तो डावीकडे वळणारच. चार-पाच फटक्यांनंतर बाजू बदला. पातं पूर्ण बुडवा, दांडा होईल तितका उभा ठेवा आणि फटका घोट्यापाशी संपवा. त्याच्या मागे नेलेला फटका बोर्ड फक्त फिरवतो. मुद्दाम वळायचं असेल तर हेच उलट करा: टोकापासून शेपटापर्यंत मोठी अर्धगोल कमान काढा. थांबायचं असेल तर मागून पुढे वल्हवा.

लाटा फुटतात तिथून जायचं-यायचं कसं?

पाण्यात चालताना बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मध्ये कधीही नको. लाट त्याला उचलून थेट तुमच्या पोटावर आणते. तो बाजूला धरा, टोक लाटेकडे. लाटा टोळीनं येतात. दोन टोळ्यांमधली उसंत बघून निघा आणि फेसाचा पट्टा ओलांडेपर्यंत गुडघ्यांवरच राहा. परतताना किनारा दिसला की लोकांना थाटात उभ्यानंच यायचं असतं. तसं नको. गुडघ्यांवर बसा आणि पाणी गुडघाभर असताना बाजूला उतरा.

आणखी एक. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी शांत, थोडं गडद आहे, तर ‘इथून सोपं जाईल’ असं वाटतं. बऱ्याचदा तोच समुद्रात परत जाणारा प्रवाह असतो. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करू नका. किनाऱ्याला समांतर वल्हवत त्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग वळा.

वारा वाढला आणि परत येता येत नसेल तर?

आधी उंची कमी करा. उभे असाल तर गुडघ्यांवर. तरी जमत नसेल तर पोटावर झोपा, वल्हं छातीखाली दाबा आणि दोन्ही हातांनी वल्हवा. शीड उतरवल्यासारखा फरक पडतो. निघालो तिथेच पोचायचा हट्ट सोडा, वारा नेईल त्या बाजूचा जवळचा किनारा गाठा. तेही होत नसेल तर बोर्डवर बसून राहा आणि दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करत राहा. मदत हवी असल्याची ती जगभर मान्य असलेली खूण आहे. बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. पाण्यातलं डोकं लांबून दिसत नाही, अकरा फुटांचा बोर्ड दिसतो.

जेलीफिश चावली तर?

चावत नाही, तिच्या तंतूंचा डंख होतो. पाण्याबाहेर या, समुद्राच्याच पाण्यानं धुवा, चोळू नका. चिकटलेले तंतू चिमट्यानं काढा आणि ती जागा सोसवेल इतक्या गरम, 40 ते 45 अंशांच्या पाण्यात ठेवा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

पाळी, गरोदरपण, जुनी दुखणी?

पाळीत हरकत नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरणाऱ्यांना जास्त सोयीचं. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुडघे दुखत असतील तर गुडघ्यांवर बसण्याऐवजी मांडी घालून सुरुवात करता येते. खांदा पूर्वी निखळला असेल तर प्रशिक्षकाला जरूर सांगा, कारण पाण्यातून बोर्डवर चढताना नेमका त्याच सांध्यावर ताण येतो.

चांगला प्रशिक्षक कसा ओळखायचा?

फोनवर चार प्रश्न विचारा. एका प्रशिक्षकामागे किती जण? समुद्रात सहाच्या वर असतील तर मी जाणार नाही. प्रथमोपचार आणि पाण्यातून वाचवण्याचं प्रशिक्षण झालंय का? तो स्वतः पाण्यात असतो की किनाऱ्यावरून उंटावरून शेळ्या हाकतो? चौथा प्रश्न सगळ्यात बोलका: वारा वाढला तर काय करता? ‘सेशन रद्द करतो, दुसरी तारीख देतो’ हे उत्तर ऐकलंत की नाव नोंदवा. ‘काही होत नाही हो’ ऐकलंत की फोन ठेवा.

बोट लागते मला. इथेही मळमळेल?

उभं असताना क्वचितच. थांबून बसलात आणि बोर्डकडे बघत राहिलात की सुरू होतं. वल्हवत राहा, दूर बघा, आणि दीड-दोन तास आधी हलकं खाऊन या. रिकाम्या पोटी येणाऱ्यांना जास्त त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी कुठे दुखेल?

दंड दुखतील असं वाटतं, पण आधी तळपाय बोलतात. मग पोटाच्या कडा आणि पाठीचा वरचा भाग. नुसते दंडच दुखत असतील तर वल्हं हातांनी ओढलं गेलंय. पुढच्या वेळी हात जवळजवळ सरळ ठेवा आणि कंबरेतून वळा.

आवडलं तर लगेच बोर्ड घ्यावा का?

चार-पाच सेशन भाड्याच्या बोर्डवर काढा, तेही वेगवेगळ्या मापांच्या. पहिल्या दिवशी जो आरामखुर्चीसारखा वाटतो तो पाचव्या दिवशी मंद वाटतो. एवढ्यात काही घ्यायचंच असेल तर स्वतःची लीश आणि मापाचं लाइफ जॅकेट घ्या. भाड्याच्या जॅकेटांचे पट्टे सैल झालेले असतात, आणि पाण्यात पडल्यावर ते कानापर्यंत वर सरकतात.